उच्छ्वासाच्या बाजूनं

सफाळ्याला उतरून पश्चिमेकडे निघालं की एडवण, कोरे करत आपण दातिवऱ्याला पोचतो. इथे वैतरणा समुद्राला मिळते. समोर अर्नाळा दिसतो. स्टेशनपासून दक्षिणेला जलसारच्या बाजूनं गेलात तर तीच नदी खाडी होऊन तिवरांच्या रांगांमधून पसरलेली भेटते. आजच्या मननाला यांतला कोणताही काठ चालेल. जाणं शक्य नसेल तर घरी बसून तो काठ मनात आणा. वेळ मात्र ओहोटीची निवडा. पाणी उतरत असावं, चिखल नुकता उघडा पडत असावा.

श्वासाकडे लक्ष द्यायचं म्हटलं की पहिली सूचना ठरलेली असते : दीर्घ श्वास घ्या. आज ती सूचना नाही. श्वास घेण्याचं शरीर पाहून घेईल. आपण सोडण्याकडे बघू. गेल्या शे-सव्वाशे वर्षांत माणसांनी श्वासावर जे प्रयोग केले, त्यांतले काही ऐकायला फार विचित्र वाटतात. कुणी झाडाच्या मुळांना ग्रीस फासलं, कुणी हवाबंद खड्ड्यात माणसं बसवली, कुणी घोरणाऱ्यांच्या हाती वाद्य दिलं. पण त्यांची एकेक हकीगत मनात घोळवली की माझं लक्ष पुनःपुन्हा एकाच बाजूला जातं. श्वासाची खरी गोष्ट सोडण्याच्या बाजूला आहे असं मला मनापासून वाटतं, आणि तुम्हीही ते स्वतःच्या छातीत पडताळून पाहावं म्हणून हे लिहितो आहे.

बसा. पाठ सरळ असू द्या, आखडलेली नको. हात मांडीवर सैल ठेवा. डोळे उघडे ठेवले तरी हरकत नाही. पाणी दिसत राहील.

एक उच्छ्वास पाहा. नाकपुडीच्या कडेला त्याची ऊब लागते. ती हळूहळू विरते. पूर्ण विरली तरी पुढचा श्वास लगेच येत नाही. मध्ये थोडी मोकळी जागा असते. त्या जागेत काही करू नका.

लक्ष गेल्याबरोबर श्वास थोडा बदलला असेल. बदलू द्या. श्वास मोजणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही ही अडचण कायम असते : आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. तुम्हाला कुठे आकडा लिहून द्यायचा आहे? असेल तसा असू द्या.

आता समोरच्या चिखलाकडे नजर न्या. तिवराच्या बुंध्याभोवती बोट-दीड बोट उंचीची मुळं चिखलातून सरळ वर आलेली दिसतील. ही झाडाची श्वसनमुळं. खालचा चिखल काळा, कुबट. त्यात प्राणवायू जवळपास नसतोच. जमिनीतल्या मुळांना जगायचं तर हवा वरून यायला हवी. ती येते कशी, हे पेर शोलांडर या नॉर्वेत वाढलेल्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं आणि 1955 साली प्रसिद्ध केलं. मुळाच्या सालीवर बारीक रंध्रं असतात. भरतीचं पाणी चढलं की ती पाण्याखाली जातात, पण पाणी आत शिरत नाही. आतला प्राणवायू मूळ वापरत राहतं. तयार होणारा कार्बन डायॉक्साइड पाण्यात विरघळून जातो. त्यामुळे मुळाच्या पोकळीतला दाब हळूहळू उतरतो. मग ओहोटी लागते, रंध्रं उघडी पडतात आणि बाहेरची हवा आपसूक आत ओढली जाते. याच अभ्यासात त्यांनी दुसऱ्या जातीच्या खारफुटीच्या आधारमुळांवरची रंध्रं ग्रीस लावून बुजवली. एक-दोन दिवसांत चिखलातल्या मुळांमधला प्राणवायू अगदी तळाला गेला.

दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या. म्हणजे या काठावरच्या तिवरांच्या मुळांचे दिवसाला दोनच श्वास.

हे थोडा वेळ मनात धरा. सहा तास पाणी चढतं, सहा तास उतरतं, आणि तेवढ्या काळात मुळाचा एक श्वास पुरा होतो. मूळ हवा ओढायला जात नाही. आतलं सरतं, जागा रिकामी होते आणि हवा येते.

आपलं शरीर निराळं आहे. श्वास घेताना आपल्याला छातीखालचा पडदा आकुंचित करून खाली न्यावा लागतो. ते काम आहे, झोपेतही चालणारं. सोडताना मात्र, शांत बसलेले असताना, स्नायूंना काही करावं लागत नाही. ताणलेलं फुप्फुस स्वतःच्या लवचीकपणानं परत आपल्या मापावर येतं. आता पाहा : सोडताना तुम्ही काही करत आहात का? पोट आत घेताय, ओठ आवळताय, हवा ढकलताय? असाल तर तेवढं सोडून द्या. उच्छ्वासाला तुमची मदत लागत नाही.

काही श्वास असेच जाऊ द्या.

चिखलात काही हललं असेल तर ती निवटी. खाडीकाठच्या माणसाला तिची ओळख करून द्यायला नको. बाजारात ती विकायलाही येते. मासा असून ती ओहोटीत उघड्या चिखलावर सरपटते, उड्या मारते, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. जपानच्या नागासाकी विद्यापीठातल्या आत्सुशी इशिमात्सु यांनी तिच्या भावकीतल्या माशांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. हे मासे बिळात हवा साठवून ठेवतात, असं त्यांच्या गटानं 1998 साली दाखवलं. पुढे 2007 साली त्याहून विलक्षण गोष्ट समोर आली. जपानी निवटीची मादी बिळातल्या एका कोठडीच्या छताला अंडी चिकटवते. त्या कोठडीत हवा राहावी म्हणून नर ओहोटीच्या वेळी वर येतो, तोंडभर हवा घेतो, खाली जाऊन ती सोडतो. पुन्हा वर, पुन्हा खाली. अंडी पिकली की एका रात्री, भरती चढत असताना, तोच नर कोठडीतली हवा तोंडानं बाहेर काढू लागतो. पाणी आत शिरतं आणि पाणी लागताच अंडी फुटतात.

दिवसेंदिवस तोंडातून आणलेली हवा त्यानं वेळ येताच काढून टाकली, आणि पिल्लांचा जन्म त्या काढून टाकण्यानंच झाला. मी कितीदा तरी या नरापाशी येऊन थांबतो. तुम्हीही इथे थोडे थांबा. पुढचं वाचण्याची घाई नाही.

*

आता एक छोटा प्रयोग. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, किंवा दिवस गेले असतील, तर हा प्रयोग करू नका, नुसता वाचा. एक साधा उच्छ्वास होऊ द्या आणि तो संपल्यावर पुढचा श्वास थोडा लांबवा. जोर नको, स्पर्धा नको. कुठेतरी एक ओढ जागी होईल. घशाशी, छातीच्या तळाशी, पडद्यात. ती जाणवली की लगेच श्वास येऊ द्या.

ती ओढ कशाची होती? आपण सहज म्हणतो, प्राणवायू कमी पडला. तसं नाही. रक्तात त्या क्षणी प्राणवायू पुरेसा असतो. आपण आत घेतो त्या हवेत तो सुमारे 21 टक्के असतो आणि बाहेर सोडतो त्या हवेतही सुमारे 16 टक्के शिल्लक असतो. त्यातला बराचसा आपण न वापरताच परत करतो. ओढ उठते ती साचलेल्या कार्बन डायॉक्साइडमुळे. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटिश संशोधकांनी 1905 साली हे दाखवून दिलं : फुप्फुसाच्या तळाशी असलेल्या हवेत कार्बन डायॉक्साइड जेमतेम 0.2 टक्क्यांनी वाढला तरी श्वासोच्छ्वास जवळपास दुप्पट होतो. प्राणवायूत तेवढा फरक पडला तर शरीराला पत्ताही लागत नाही.

तांदुळवाडीचा गड चढताना हे अंगावर येतं. मधल्या चढावर छाती भात्यासारखी चालू लागते आणि आपण तोंड उघडून हवा खाऊ पाहतो. पुढच्या वेळी तिथे उलटं करून बघा. घेण्याचा विचार सोडा आणि प्रत्येक उच्छ्वास शेवटापर्यंत जाऊ द्या. मांडीचे स्नायू जे जाळत आहेत त्याचा धूर बाहेर पडायला धावतो आहे, हे ध्यानात ठेवा. वर पोचल्यावर वैतरणेचं वळण आणि पश्चिमेला समुद्र दिसतो. तिथे बसून श्वास मूळ चालीवर येईपर्यंत त्याच्यासोबत राहा. कुणीही न सांगता तो परत येतो.

श्वासात प्राणवायूचा वाटा नेमका किती, या प्रश्नाला आपल्याकडे हात घालणारा माणूस होता जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. 1924 साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक. उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना पोटातला दाब किती उतरतो हे त्यांनी दाबमापकानं मोजलं, क्ष-किरणांखाली पाहिलं. योगाचं नाव काढलं की एकतर हात जोडायचे किंवा हसायचं, अशा काळात हा माणूस मोजपट्टी घेऊन बसला. त्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. विशेष आदर यासाठी, की मोजल्यावर जे आलं ते लोकप्रिय समजुतीच्या विरुद्ध होतं तरी त्यांनी लपवलं नाही. प्राणायामात भरपूर प्राणवायू मिळतो म्हणून तो हितकर, ही समजूत त्यांनी अमान्य केली. त्याचं मोल दुसरीकडे शोधा, असं त्यांचं सांगणं होतं.

त्यांच्याकडे शिकायला केरळचे के. टी. बेहनन आले. ते अमेरिकेत येल विद्यापीठात मानसशास्त्राचे अभ्यासक होते. लोणावळ्याहून परतल्यावर त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले आणि 1937 साली पुस्तक लिहिलं. उज्जायी प्राणायाम करताना त्यांचा प्राणवायूचा वापर नेहमीपेक्षा 24.5 टक्क्यांनी वाढला; कपालभातीत 12 टक्क्यांनी. मग ते उज्जायीनंतर लगेच बेरजा करत, रंगांची नावं पटापट सांगत, कोडी सोडवत, आणि वेळ लावत. आधीपेक्षा जास्त वेळ लागत असे. प्राणायामानं बुद्धीला धार येईल अशी अपेक्षा असेल तर निराशाच; मन मंदावत होतं. पण ते मंदावणं सुखाचं होतं, आणि वर्षभराच्या सरावानं आपण अधिक स्थिर झालो, हेही त्यांनी नोंदवलं.

साठच्या दशकात याच कैवल्यधामात करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी भूगर्भ समाधीचा प्रश्न हाती घेतला. हवाबंद खड्डा तयार केला, त्यात माणसं बसवली आणि आतली हवा तपासत राहिले; प्राणवायू किती उतरला, कार्बन डायॉक्साइड किती चढला. खड्ड्यात बसलेल्या माणसाची कल्पना करा. अंधार, आपल्याच उच्छ्वासाची साठत जाणारी हवा. श्वास जड होतो, डोकं ठणकू लागतं, आणि हे होतं तेव्हाही खड्ड्यात प्राणवायू उरलेला असतो. माणसाला वर यायला लावतं ते सोडलेलं पुन्हा आत येणं.

डहाणू लोकल सफाळ्याहून निघून चर्नी रोडला पोचते, तिथून हाकेच्या अंतरावर, मरीन ड्राइव्हला, कैवल्यधामाची मुंबईची शाखा 1936 पासून आहे. गर्दीच्या डब्यात उभं राहून त्या बाजूला जाणाऱ्यांना खड्डा वेगळा समजावून सांगायला नको. डब्यातही हे मनन जमतं. दांडी धरा आणि एक उच्छ्वास पूर्ण होऊ द्या.

*

परत काठावर या. आता उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. नाडी सापडेपर्यंत थांबा. मग श्वासाबरोबर ती पाहा. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात. सोडताना किंचित लांबतात. काहींना हे लगेच कळतं, काहींना वेळ लागतो, वय वाढलं की फरक पुसट होतो. कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं 1847 साली हे टिपलं. दर उच्छ्वासाला हृदयाला जरा उसंत मिळते. जन्मल्यापासून मिळत आली आहे.

ही उसंत लांबवायची तर काय करावं? इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी यांनी 23 जणांना प्रार्थना म्हणायला लावल्या. एकदा लॅटिनमधली रोझरी, एकदा ‘ओम मणि पद्मे हुम्’. दोन्हींत माणसं मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेऊ लागली. रोझरीतली एक ‘आवे मारिया’ निम्मी धर्मगुरू म्हणतो, निम्मी लोक. तिला मिळून सुमारे दहा सेकंद लागतात. म्हणणारा एका उच्छ्वासावर आपला भाग म्हणतो आणि दुसऱ्याचा चालू असताना श्वास घेतो. मिनिटाला सहा ही ती चाल आहे जिच्यात श्वास, नाडी आणि रक्तदाबाची लय एकमेकींत मिसळतात. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं हा शोधनिबंध 2001 च्या नाताळ अंकात छापला.

वैतरणेच्या पलीकडे वसईत घरोघरी रोझरी म्हटली जाते. अलीकडे संध्याकाळी हरिपाठ. तुमच्या घरात जे म्हटलं जात असेल ते आता मनात म्हणा, त्याच जुन्या संथ चालीत. शब्द नेहमी उच्छ्वासावर बसतात. बोलणं, गाणं, आरती, अंगाई, सगळं आपण सोडत्या श्वासावर करतो. घेताना आपण गप्प असतो. तुमचा एक चरण किती लांब जातो ते पाहा. पुढच्या चरणासाठी हवा आपोआप येते की तुम्ही ती हिसकावून घेता?

काहीच म्हणायचं नसेल तर मनात तारपा ऐका. या जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवरचं हे वाद्य : वाळवलेला दुधी, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचं रुंद तोंड. नवं भात तयार झालं की तो वाजू लागतो आणि माणसं हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. सूर तुटत नाही. वाजवणारा गाल फुगवून तिथे हवा राखून ठेवतो. गाल दाबून ती नळीत सोडत असतानाच नाकानं नवी हवा घेतो. बाहेर जाणारा श्वास एकच, लांबच लांब. आत येणारा त्याच्या आडून येतो, नाचणाऱ्याला कळतही नाही.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं डिजरिडू हे असंच, श्वास न तोडता वाजवायचं वाद्य. स्वित्झर्लंडमधल्या एका डिजरिडू-शिक्षकाच्या लक्षात आलं की वाजवू लागल्यापासून आपलं आणि काही शिष्यांचं घोरणं, दिवसा पेंगणं कमी झालंय. झुरिकच्या डॉक्टरांनी ते मनावर घेतलं. झोपेत श्वास अडणारे 25 रुग्ण निवडले, त्यांतल्या 14 जणांना चार महिने डिजरिडू शिकवलं, बाकीच्यांना थांबायला सांगितलं. वाजवणाऱ्यांचं पेंगणं कमी झालं, झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण उतरलं. शेजारी झोपणाऱ्यांनाही विचारलं. त्यांची झोप सुधारली होती. निबंध 2006 साली प्रसिद्ध झाला आणि 2017 साली त्याला शांततेचा इग नोबेल मिळाला, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारा पुरस्कार. घशाचे स्नायू रोजच्या वाजवण्यानं घट्ट होतात आणि झोपेत कोसळत नाहीत, असा त्यामागचा तर्क. आमच्या पाड्यांवरच्या तारपा वाजवणाऱ्यांची झोप कुणीतरी एकदा मोजावी, असं मला फार वाटतं. हे ज्ञान त्यांच्या गालांत पिढ्यान्‌पिढ्या आहे.

*

आता काहीच करू नका. श्वासाची राखण सोडा, पाण्याकडे बघत राहा. थोड्या वेळात एक मोठा श्वास आपण होऊन येईल, नेहमीच्या दुप्पट, आणि मागोमाग लांब निघून जाईल. उसासा. माणूस तासाला साधारण बारा उसासे टाकतो, दुःख असो वा नसो. फुप्फुसात सरासरी 48 कोटी वायुकोश असतात. त्यांतले काही सतत मिटत राहतात, आणि उसासा त्यांना पुन्हा उघडतो. उंदरांच्या मेंदूत उसाशाचा हुकूम देणाऱ्या पेशी 2016 साली सापडल्या, जेमतेम दोनशे. श्वासाची लय ठरवणारं मेंदूतलं केंद्र त्यांच्या शेजारीच आहे. त्याच्या नावात ‘बोटझिंगर’ येतं, आणि ते आलं आहे एका परिषदेत टेबलावर असलेल्या जर्मन वाइनच्या बाटलीवरून.

ऑस्लोच्या कार्ल हाल्वोर टाइगन यांनी माणसांना न सुटणारी कोडी सोडवायला बसवलं आणि ती किती उसासे टाकतात हे पाहिलं. त्यांनाही 2011 साली इग नोबेल मिळाला. बहुतेकांनी उसासे टाकले, आणि टाकल्याचं बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. हा प्रयत्न सोडला, आता दुसरा करू, असं काहीसं त्या उसाशांतून व्यक्त होत होतं. दुसऱ्याचा उसासा ऐकला मात्र की आपण तो दुःखी आहे असं धरून चालतो, हेही टाइगन यांना आढळलं.

म्हणून काठावरून उठून घरी गेलात की एक करा. जो माणूस वर्षानुवर्षं तुमच्या शेजारी बसतो, झोपतो, त्याला विचारा : मी उसासा केव्हा टाकतो? त्याला नक्की माहीत असेल. तो सांगेल ते मध्येच न तोडता ऐकून घ्या. मग त्याचा उसासा तुम्हाला केव्हा ऐकू येतो आणि तुम्ही आजवर त्याचा काय अर्थ लावत आलात, तेही त्याला सांगा.